सुट्टीत काय वाचू? सोसायटीच्या कमिटीत बसण्याआधीची तयारी

जिना_चढणारी

नमस्कार मंडळी. सुट्टीचे १० दिवस मोकळे आहेत आणि ती संपली की सोसायटीच्या नव्या कमिटीत काम सुरू करायचं आहे. इमारत ७ मजली, २८ घरं, वय १८ वर्षं. लिफ्ट एकच. जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी, दोन पंप. जुन्या कमिटीकडून फायलींनी भरलेली तीन कपाटं ताब्यात मिळाली आहेत.

या १० दिवसांत काय वाचावं आणि कोणत्या क्रमाने? हिशेबाचं शिक्षण नाही, बांधकामाचंही नाही. सध्या गाजत असलेले विषय तीन: सातव्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, सहाव्या मजल्यावरच्या एका घरात बाथरूमच्या छताला कायम ओल आहे, आणि मेंटेनन्स वाढवायचा की नाही यावर दोन तट पडले आहेत.

ताळमेळ

तीन कपाटं वाचायला घेतलीत तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. चार गोष्टी काढून घ्या: नोंदणी झालेली नियमावली, गेल्या ३ वर्षांची इतिवृत्तं, त्याच ३ वर्षांचे जमाखर्च आणि ताळेबंद, आणि चालू असलेले सगळे करार. बाकी कपाटातच राहू द्या, लागेल तसं काढायचं.

नियमावली पहिल्या पानापासून सरळ वाचू नका, प्रश्न घेऊन वाचा. सामाईक काय आणि खाजगी काय? बाहेरची भिंत, गच्ची, डक्ट, खिडकीची चौकट, घरातून जाणारी उभी पाइपलाइन, बाल्कनीचा कठडा, यातलं प्रत्येक कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायचं ते शोधून समासात लिहा. बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. मग पाहा, सभेला न विचारता कमिटी किती खर्च करू शकते, सभेची नोटीस किती दिवस आधी लागते, गणपूर्ती किती, थकबाकीवर व्याज कसं मोजायचं. नियमावलीत एक आणि प्रत्यक्षात दुसरंच चालू आहे असं जिथे दिसेल तिथे खूण करा, पण लगेच बोलू नका. आधी इतिवृत्तात पाहा. कधीतरी सभेने ठराव करून ते बदललेलं असू शकतं.

इतिवृत्तं उलट्या क्रमाने वाचा, ताजं आधी. कागदावर तीन रकाने आखा: ठरलं काय, पैसे गेले का, काम पूर्ण झालं का. दुसरा भरलेला आणि तिसरा रिकामा अशा जेवढ्या ओळी निघतील, ती तुमच्या कमिटीची खरी कामांची यादी.

हिशेबासाठी शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते. तिन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. एका वर्षात एखादा खर्च २०-२५ टक्क्यांहून जास्त हलला असेल तर त्याचं कारण कागदावर सापडायला हवं. मग दर महिन्यातली कुठलीही ३ व्हाउचर उचला आणि त्यांचा माग काढा: कोणत्या ठरावाने काम निघालं, कोटेशन आहे का, बिल आहे का, बँकेत तीच रक्कम त्याच तारखेच्या आसपास गेली का, आणि काम झाल्याचं कोणी सही करून मान्य केलं का. १२ महिन्यांची ३६ व्हाउचर दोन दिवसांत होतात. एवढ्यात सोसायटीची शिस्त कळते.

थकबाकीची एकच बेरीज पाहून समाधान मानू नका. ती वयानुसार फोडा: ३ महिन्यांपर्यंतची, ३ ते १२ महिन्यांची, वर्षाच्या वरची. पहिल्या गटात विसरभोळे लोक असतात, दुसऱ्यात अडचणीतले. वर्षाच्या वरच्या गटात जवळपास नेहमी एखादा न मिटलेला वाद असतो, म्हणजे गळती, पार्किंग, चुकीचं बिल असं काहीतरी. तिथे नोटिसांवर नोटिसा पाठवण्याआधी त्या घराची पत्रव्यवहाराची फाइल वाचा.

पाणवठा

ताळमेळ यांचा मुद्दा बरोबर, पण क्रम मला पटत नाही. आधी इमारत पाहा, मग कागद. नाहीतर 'एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बदलला' असं व्हाउचरवर वाचाल आणि तो कुठे बसतो हेच माहीत नसेल. पहिले दोन दिवस पंपवाल्याला बरोबर घेऊन जमिनीखालच्या टाकीपासून गच्चीपर्यंत पाण्याच्या वाटेने चाला आणि हाताने नकाशा काढा. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर, तो बंद केला की कोणत्या घरांचं पाणी जातं ते नंबरापुढे. हे एक पान पंपाच्या खोलीत प्लास्टिकच्या पाकिटात लावलं की रात्री पाइप फुटल्यावर सगळी इमारत कोरडी ठेवावी लागत नाही.

आता सातवा मजला. पाण्याचा जोर उंचीवर ठरतो: दर १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. टाकीचा तळ सातव्या मजल्याच्या शॉवरच्या तोंडापेक्षा ३ मीटर वर असेल तर तिथे जेमतेम ०.३ किलो मिळतो आणि तळमजल्याला २ किलोच्या वर. म्हणजे सातव्या मजल्यावर जोर थोडा कमी असणारच, तो दोष नाही. दोष आहे की नाही हे बादलीने ठरवा. १० लिटरची बादली त्या घरात प्रत्येक नळावर भरायला किती सेकंद लागतात ते लिहा, आणि त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या घरातही मोजा.

एकच नळ हळू असेल तर नळाची जाळी क्षाराने भरली आहे. एका घरातले सगळे नळ हळू आणि शेजारी ठीक असेल तर त्या घराचा व्हॉल्व्ह पाहा. जुन्या गेट व्हॉल्व्हमध्ये आतली पट्टी दांड्यापासून सुटून खाली बसते. चाक पूर्ण उघडं फिरतं, पाणी मात्र फटीतूनच येतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला व्हॉल्व्ह उघडाच वाटतो. एकाच उभ्या लाइनवरची सगळी घरं रडत असतील आणि पाणी गुळगुळ करत तुटक येत असेल तर लाइनीत हवा अडकली आहे. टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक लाइनीला टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असा उघडा हवेचा पाइप असावा लागतो. गच्चीवरच्या कामात तो कापून टोपण मारलेला आढळतो. प्रेशर पंप हा शेवटचा उपाय. तो लावला की १८ वर्षं जुन्या सांध्यांवर अचानक जास्त दाब येतो, आणि पाण्याची तक्रार मिटून गळतीची सुरू होते.

पाणी किती वाया जातं ते रात्री मोजता येतं. गच्चीवरच्या टाकीची लांबी-रुंदी घ्या. समजा आतून ३ मीटर बाय २ मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर. अशा टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरली की ६० लिटर गेले. रात्री १ वाजता पंप बंद ठेवून पातळीची खूण करा, ४ वाजता परत पाहा. ४ सेंटीमीटर उतरली असेल तर ३ तासांत २४० लिटर, म्हणजे ताशी ८०, आणि हाच वेग दिवसभर धरला तर १,९०० लिटरच्या वर. त्यातलं थोडं कोणीतरी वापरलेलं असेल, म्हणून तीन रात्री मोजून सगळ्यात कमी आकडा धरा. गळणाऱ्या फ्लशच्या टाक्या हे याचं पहिलं कारण, कारण ते पाणी आवाज न करता जातं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि २० मिनिटं कोणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. २८ घरांत हे एका सुट्टीच्या सकाळी होतं.

गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो कुठे पडतो तेही पाहा. तो थेट पावसाच्या पाइपात जोडलेला असेल तर फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) बिघडून रोज हजार लिटर वाहिले तरी कोणाला पत्ता लागत नाही. ओव्हरफ्लो डोळ्यांना दिसेल अशाच जागी पडायला हवा.

पंपाचं वीजबिल वाचायचीही रीत आहे. घनमीटरमध्ये पाणी गुणिले मीटरमध्ये उंची, भागिले ३६७, एवढी युनिटं शास्त्राने लागतात. १० हजार लिटर, म्हणजे १० घनमीटर, २५ मीटर चढवायला ०.६८ युनिट. पाइपातलं घर्षण, मोटर आणि पंपातली तूट धरली की अशा लहान पंपाला दीड ते दोन युनिट लागणं ठीक. तुमचा पंप ३ च्या वर खात असेल तर इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय, सक्शनमधून (पाणी ओढणाऱ्या पाइपातून) हवा ओढतोय किंवा एनआरव्ही परतीचं पाणी सोडतोय. एनआरव्हीची परीक्षा पंप थांबवतानाच होते. बंद केल्यावर पंपाचा पंखा उलटा फिरू लागला किंवा जमिनीखालच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तर तो गेला. चढता पाइप गच्चीवरच्या टाकीत वरून पडत असेल तर फक्त पाइपातलं पाणी परत येतं. तो टाकीला खालून जोडलेला असेल तर सगळी टाकी रिकामी होऊ शकते.

गिलावा

पाणवठा यांनी पाण्याची वाट सांगितली, मी ओलीची सांगतो. ओल कुठे दिसते यापेक्षा ती केव्हा वाढते हे महत्त्वाचं. बारा महिने एकसारखी ओल असेल तर दाबाखालची पाण्याची लाइन. आंघोळीच्या वेळेनंतर वाढत असेल तर फरशीचे सांधे, नहाणीचा ट्रॅप (जाळीखालची पाणी धरून ठेवणारी वाटी) किंवा सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. म्हणून सहाव्या मजल्यावरच्या डागाची कड पेन्सिलने आखा, तारीख टाका, रोज एकदा पाहा. १० दिवसांच्या सुट्टीत याहून उपयोगी वाचन नाही.

मग वरच्या घरात फोडाफोड न करता क्रमाने तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर निष्कर्ष निघत नाही.

पहिलं, त्या बाथरूमचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून ४८ तास वापर बंद. ओल पुढे सरकणं थांबलं की नाही पाहा. हे वापर बंद केल्यामुळे थांबलं की लाइन बंद केल्यामुळे, हे वेगळं करण्यासाठी पुढचे ४८ तास व्हॉल्व्ह उघडा पण वापर बंदच. आता परत वाढली तर दोष दाबाच्या लाइनीत.

दुसरं, लाइन निर्दोष निघाली तर नहाणीच्या ट्रॅपला बूच मारून फरशीवर २-३ सेंटीमीटर पाणी भरा, उंबरठ्याच्या खालीच, २४ तास. शेजारी एका पसरट ताटात तेवढंच पाणी ठेवा. ताटातली घट म्हणजे बाष्पीभवन, फरशीवर त्याहून जास्त घट म्हणजे पाणी मुरतंय. पाण्यात रंग टाकतात, पण रंग खाली आला नाही म्हणून वरचं घर निर्दोष असं समजू नका. फरशीखालच्या सिमेंट-वाळूच्या थरातून गाळताना रंग वरच राहतो आणि पाणी तेवढं उतरतं. घटीवर विश्वास ठेवा.

तिसरं, फरशी कोरडी ठेवून पाइप लावून थेट ट्रॅपमध्ये पाणी ओता. आता ओल वाढली तर ट्रॅप आणि पाइपाचा सांधा. आणि चौथं, फक्त भिंतीवर शॉवर मारा. फरशा भिंतीच्या असोत की जमिनीच्या, फटीतून पाणी मागे जातंच.

दोष दुरुस्त झाल्यावर लगेच खालून प्लास्टर आणि रंग करू नका. भिजलेली भिंत किंवा स्लॅब वाळायला ढोबळमानाने दर २५ मिलिमीटरला एक महिना लागतो. लवकर रंगवलं की पोपडे येतात आणि दुरुस्ती फसली असा आरोप होतो.

ही ओल लांबवू नका, कारण प्रश्न डागाचा नाही, सळईचा आहे. नव्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून पीएच ९ च्या खाली आणतो. ओल असेल तर मग गंज सुरू. गंजाला लोखंडापेक्षा २ ते ६ पट जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग दिसली की गंज सुरू झालाय असं समजा, नुसतं सिमेंट भरून ती बुजवू नका. कार्बन डायऑक्साइडचा हा प्रवास काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. सळईवर १० ऐवजी २० मिलिमीटर काँक्रीट असेल तर दुप्पट नव्हे, चौपट वर्षं मिळतात. बांधताना वाचवलेला एक सेंटीमीटर १८ वर्षांनी असा दिसतो.

संरचना तपासणीचा जुना अहवाल कपाटात असेल तर त्यातले तीन आकडे शोधा. फेनॉल्फ्थॅलिन चाचणी: ताज्या फुटलेल्या काँक्रीटवर फवारल्यावर गुलाबी झालेला भाग सुदृढ, रंगहीन राहिलेला भाग अल्क गमावलेला. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला का? अल्ट्रासोनिक वेग, म्हणजे ध्वनिलहरी काँक्रीटमधून जाण्याचा वेग: सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर चांगला, ३ च्या खाली शंकास्पद. हाफसेल चाचणी, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजणं: उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंजाची शक्यता फार मोठी. अहवालात फक्त फोटो आणि 'दुरुस्ती आवश्यक' एवढंच असेल तर तो अहवाल नव्हे, पाहणी झाली एवढंच.

गच्चीबद्दल एकच. जुन्या थरावर नवा थर चढवण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी वजन विचारा. १० सेंटीमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला साधारण २४० किलो. असे दोन-तीन थर आधीच चढले असतील, तर स्लॅब ते ओझं वाहील का याचं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यायला हवं, वॉटरप्रूफिंगवाल्याने नव्हे.

जिना_चढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्सिलची खूण आजच आखते. लिफ्टच्या फायलीत मात्र फक्त बिलं आणि कराराची प्रत आहे. त्यात काय पाहू? आणि सभेत या गोष्टी मांडायच्या कशा? मागच्या दोन सभा आरडाओरड्यातच संपल्या.

तेलपाणी

ताई, लिफ्टचा करार उघडा आणि काय मोफत आहे ते न वाचता काय वगळलं आहे ते वाचा. दोर, ड्राइव्ह, कंट्रोल कार्ड, दारांचे सेन्सर आणि बॅटरी यातलं कराराबाहेर काय आहे? १८ व्या वर्षी महागडे भाग तेच असतात. सुटे भाग वगळलेला स्वस्त करार आणि सगळं धरून असलेला महाग करार यांची तुलना वार्षिक शुल्कावर होत नाही. गेल्या ३ वर्षांत भागांवर झालेला खर्च शुल्कात मिळवा आणि मग तुलना करा.

बिघाडांची वही नसेल तर आजपासून सुरू करा: तारीख, वेळ, लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबली, दार उघडं की बंद, मेकॅनिक किती वेळाने आला, त्याने काय बदललं. मजल्याचा रकाना सोडू नका. बंद पडण्याचं मूळ बहुतेक वेळा दारांतच असतं, म्हणजे कुलपाचा संपर्क, खाचेतला कचरा, सेन्सर. एकाच मजल्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं तर मोटरवर खर्च करण्याआधी त्या मजल्याचं दार नीट करून घ्या.

वीज गेल्यावर जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारं यंत्र असेल तर दर महिन्याला मेकॅनिकसमोर मुख्य स्विच बंद करून ते चालतंय का पाहा. त्याची बॅटरी शांतपणे मरते. आत अडकलेल्याचा आवाज बाहेर पोचतो का, हेही त्याच वेळी.

आणि ही गोष्ट ठळक लिहून लिफ्टशेजारी लावा: बाहेरचं दार उघडायची आणीबाणीची चावी फक्त प्रशिक्षित माणसाच्या हातात. पहारेकऱ्याने ती वापरून दार उघडायचं आणि लिफ्ट तिथे आहे असं समजून पाऊल टाकायचं, यात लोक खड्ड्यात पडून मेले आहेत. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला ओढून काढायचा प्रयत्नही नको. आतला माणूस बंद लिफ्टमध्ये सुरक्षित असतो. त्याच्याशी बोलत राहा आणि मेकॅनिकची वाट पाहा.

जाता जाता अग्निशामक सिलिंडर. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं. आतला वायू १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून घ्या. आणि मीटरच्या खोलीतल्या जुन्या गाद्या, रंगाचे डबे आधी बाहेर. त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही.

शेजारधर्म

सभेबद्दल. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पाटाचं पाणी, मासेमारी, जंगलं, कुरणं अशा सामाईक गोष्टी लोक पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकवतात याचा त्यांनी अभ्यास केला. सामाईक ते उजाड होणारच, हा समज १९६८ च्या गॅरेट हार्डिन यांच्या लेखानंतर फार पसरला होता. ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं की तसं व्हायलाच हवं असं नाही. टिकलेल्या ठिकाणी काही गोष्टी सारख्या आढळल्या: कोणाचा हक्क कशावर हे स्पष्ट, ज्यांना नियम पाळायचे तेच नियम ठरवण्यात सामील, देखरेख करणारा लोकांना उत्तरदायी, शिक्षा पायरीपायरीने वाढणारी, आणि वाद सोडवायला जवळची, स्वस्त जागा.

आता हेच पार्किंगला लावा. पहिल्या चुकीला थेट दंड आणि चाकाला कुलूप असा नियम मोडलाच जातो, कारण तो वापरायला कमिटीलाच संकोच वाटतो. पहिल्यांदा चिठ्ठी, दुसऱ्यांदा लेखी सूचना, तिसऱ्यांदा ठरलेला दंड, आणि हे तिन्ही टप्पे चेअरमनच्या भावालाही सारखेच. लहान शिक्षा प्रत्यक्षात होते, म्हणून तिचा उपयोग होतो.

सभेतला आरडाओरडा बहुतेक वेळा माहिती सभेतच पहिल्यांदा समोर आल्याने होतो. नोटिशीबरोबर प्रत्येक विषयाचं अर्धं पान द्या: अडचण काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च, काहीच केलं नाही तर काय होईल. एका सभेला मोठा विषय एकच. 'आयत्या वेळचे विषय' यात पैशाचा एकही निर्णय घेऊ नका.

कोटेशन मागवण्याआधी कामाचं वर्णन तुम्ही लिहा. रंगकाम असेल तर चौरस मीटर किती, खरवडणं कुठपर्यंत, भेगा कशाने भरायच्या, प्रायमर किती हात, रंग किती हात, परांची कोण बांधणार, कचरा कोण नेणार. हे नसेल तर तीन कंत्राटदार तीन वेगळ्या कामांची किंमत देतात आणि सभा सगळ्यात कमी कामाला सगळ्यात स्वस्त समजून निवडते. बिल मोजमापावर, ठोक नाही. ५ ते १० टक्के रक्कम दोषमुक्तीचा काळ (ज्यात निघालेले दोष कंत्राटदाराने फुकट दुरुस्त करायचे) संपेपर्यंत राखून ठेवा, आणि त्या काळात निदान एक पावसाळा यायला हवा.

इतिवृत्तात कोण काय बोललं ते कमी आणि ठराव जास्त लिहा. ठरावाच्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: काय करायचं, किती रकमेपर्यंत, कोणत्या निधीतून, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. 'गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले' या वाक्याचा पुढच्या कमिटीला काडीचा उपयोग नाही.

जिना_चढणारी

ताळमेळ, मेंटेनन्स वाढवायचा की नाही हे नेमकं ठरवायचं कसं? दोन्ही तट आपापल्या अंदाजानेच बोलतात.

ताळमेळ

दोन वेगळे प्रश्न आहेत, ते सभेत एकत्र येऊ देऊ नका. रोजचा खर्च भागतो का, हा पहिला. त्याचं उत्तर गेल्या १२ महिन्यांच्या जमाखर्चात आहे. पुढच्या मोठ्या खर्चांसाठी पुरेसं साठतंय का, हा दुसरा, आणि वाद खरा याच्यावर हवा.

एक उदाहरण घ्या. लिफ्ट बदलण्याचा आजचा खर्च १०० धरा आणि तिचं आयुष्य २५ वर्षं. १८ वर्षं सरली, म्हणजे निधीत ७२ असायला हवे होते. समजा आहेत ३०. उरली ७ वर्षं. भाव दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर तेव्हा खर्च १५० होईल. तुमचे ३० त्याच दराने ठेवीत वाढले तर ४५ होतील. तूट १०५. दरवर्षी रक्कम ठेवीत टाकत गेलात तर ती भरायला वर्षाला साधारण साडेबारा लागतात. पहिल्या वर्षापासून टाकले असते तर आजच्या भावाने वर्षाला ४ पुरले असते. हाच तक्ता गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, पंप, उभ्या पाइपलाइन यांचाही करा. सहा-सात ओळींचं एक पान होईल. ठेवीचा दर भाववाढीपेक्षा कमी असेल तर आकडा आणखी वाढेल, तोही शेजारी दाखवा.

हे पान समोर ठेवलं की प्रश्न 'वाढवायचा का' असा राहत नाही. आता दरमहा थोडं, की ७ वर्षांनी एकदम मोठी वर्गणी, असा होतो. दुसरा पर्याय निवडणारे असतील तर तसा ठराव करा, पण त्या वेळी घर विकून गेलेल्यांचा वाटा उरलेल्यांवर पडतो हे त्याच पानावर लिहा.

वाटणी कशी हेही विचारतील. नियमावलीत ठरलेलं असेल तर तेच. सभेच्या हातात असेल तर सफाई, पहारा असे खर्च घरामागे सारखे, आणि रंग, दुरुस्ती, मोठा निधी क्षेत्रफळावर, ही मांडणी बहुतेकांना न्याय्य वाटते. पाण्याला मीटर बसवता आले तर त्याहून चांगलं काही नाही.

जिना_चढणारी

तक्ता करायला घेते. उद्या सकाळी पंपाच्या खोलीपासून सुरुवात. जमिनीखालच्या टाकीत उतरून आतली मापंही घेऊन टाकते, म्हणजे रात्रीच्या मोजणीला उपयोगी पडतील.

पाणवठा

ताई, टाकीत उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेला असू शकतो, आणि ते डोळ्यांना किंवा नाकाला कळतंच असं नाही. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. सफाईवाल्यांनाही उतरवताना आधी सगळी झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवून, वायू मोजून, कमरेला दोर बांधून आणि वर एक माणूस सतत उभा ठेवूनच उतरवायचं. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा पंप टाकीत किंवा तोंडाशी कधीच नको, त्याचा धूर आत साचतो.

मापं मूळ नकाशात मिळतील. नकाशा नसेल तर पंपाने काढा. टाकीत येणारं पाणी बंद करून बाहेरून खोली मोजा, पंपाने ठरावीक वेळ पाणी चढवा, वर किती लिटर आलं ते गच्चीवरच्या टाकीच्या पातळीवरून काढा, तेवढा वेळ वरून घरांना जाणारे व्हॉल्व्ह बंद ठेवून. खाली पातळी किती सेंटीमीटर उतरली त्याने लिटरला भागलं की दर सेंटीमीटरला किती लिटर ते कळतं. खोली मोजायला खुणा केलेली लांब काठी झाकणातून सोडा, वाकून डोकं आत घालू नका.